पाच नंबर की सात नंबर: स्वराज द्वीपवर मुक्काम कुठे करावा?

आमच्या बेळगाव भागात नाताळातल्या अंदमानच्या सहली अलीकडे वाढल्यात, आणि त्याला कारण आहे. इकडच्या शाळांची सहामाही सुट्टी दसऱ्याला धरून येते, कोल्हापूर-पुण्याच्या पाहुण्यांच्या मुलांना दिवाळीत मिळते. दोन्ही घरं मिळून कुठे जायचं म्हटलं की हाती उरतो तो नाताळचा आठवडा. मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूर, तिथून विमान. सावरकरांची कोठडी बघायची हे आधीच ठरलेलं असतं. त्यानंतर बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक, हेही ठरलेलं असतं. अडतं ते तिथे गेल्यावर राहायचं कुठे यावर. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा वेगळीकडे राहिलो, म्हणून दोन शब्द सांगतो.

तिथले लोक किनाऱ्यांना नंबरनेच ओळखतात. जेट्टीकडचा एक नंबर, बाजाराजवळचं गोविंदनगर तीन नंबर, त्याच्या पुढचं विजयनगर पाच नंबर आणि बेटाच्या पार पश्चिमेला राधानगर, सात नंबर. गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही नावं ऐकून आपल्याला वारकऱ्यांच्या मुलखात आल्यासारखं वाटतं. पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांची ही गावं. बहुतेकांची निवड पाच आणि सात या दोन नंबरांतच होते. तीन नंबर बाजाराला लागून असल्यामुळे सोयीचा आहे, पण निवांतपणा कमी.

पहिल्यांदा, 2023 च्या नाताळात, आम्ही चार रात्री पाच नंबरला राहिलो. मी, बायको, दोन मुलं आणि आई. खोल्यांचे दर खिशाला परवडणारे, पर्याय भरपूर, बाजार रिक्षाने पाच-सात मिनिटांवर. आई शाकाहारी, तिला वरण-भात आणि बटाट्याची भाजी कुठेही मिळाली. अंगणात समुद्री महुआची झाडं पार वाळूवर ओणवी झालेली, त्यांच्या सावलीत खुर्ची टाकली की दुपार कशी जाते कळत नाही. जागा म्हणून पाच नंबरला नाव ठेवायला मला जड जातं.

पण पाणी!

आपण गोवा आणि वेंगुर्ला बघून वाढलेली माणसं. चोर्ला घाट उतरला की समुद्र, आणि समुद्र म्हणजे कधीही जा, चार पावलांवर पाणी. ओहोटी असली तरी थोडं जास्त चालायचं, एवढंच. ही समजूत घेऊन मी खोली ठरवली. ठरवताना जे फोटो पाहिले त्यात पाणी थेट पायरीला लागलेलं होतं. आम्ही पोचलो त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मुलीने हवेची ट्यूब कमरेला अडकवली आणि पळत पायरीपर्यंत गेली. तिथेच थांबली. समोर दीड-दोनशे पावलं करडा खडकाळ सपाट भाग उघडा पडला होता. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, डबक्यांतून तिरके पळणारे खेकडे, चिखलात रुतलेली एक होडी. पाणी लांबवर, एका निळ्या रेघेएवढं. तिने मागे वळून मला विचारलं, "बाबा, समुद्र कधी येणार?"

मालकाला विचारलं तर तो म्हणाला, संध्याकाळी सातला येईल. आला की, अगदी पायरीपर्यंत आला, पण तोवर मिट्ट काळोख. इथेच सगळी गोम आहे, आणि ती जाण्याआधी कुणी मला सांगितली नव्हती. अंदमान साधारण 93 रेखांशावर, आपलं बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. डिसेंबरात पाच वाजता दिवस संपतो. दुपारी एकला ओसरलेलं पाणी सातला परत आलं तर मुलांच्या कामाचं काय? दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी पन्नासेक मिनिटं उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. चौथ्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणजे पौर्णिमा, उधाणाचे दिवस. साडेतीनला पाणी जे मागे हटलं ते त्या चार दिवसांत सगळ्यांत लांब.

सकाळी पाणी असायचं, हे कबूल करतो. पण सकाळी आम्ही एलिफंट बीचच्या बोटीत, नाहीतर काला पत्थरला, नाहीतर नाष्ट्याच्या रांगेत. सुट्टीतलं कुटुंब सकाळी आठला पोहायला सज्ज नसतं. तिसऱ्या दिवशी मुलाने हट्टाने त्या खडकांतून पाण्यापर्यंत जायचं ठरवलं आणि प्रवाळाने पाऊल चांगलंच कापून घेतलं. नंतर बाजारात रबरी बूट मिळाले. जाणार असाल तर घरूनच न्या.

त्याच मुक्कामात एका दुपारी आम्ही रिक्षा करून सात नंबरला गेलो. जेट्टीपासून 10-12 किलोमीटर, सुपारीच्या बागा आणि जंगलातून रस्ता. या किनाऱ्याला 'टाइम'ने 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, 2020 मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिला जाणारा ब्लू फ्लॅगही मिळाला. हे वाचून गेलो होतो, तरी झाडीतून बाहेर पडल्यावर मी दोन मिनिटं काही बोललो नाही. पांढरी वाळू हळूहळू उतरत जाते, खडक पायाला लागत नाही, ओहोटी असो की भरती, पाणी तिथेच. दोन्ही मुलं पाण्यात गेली ती बाहेर यायला तयार होईनात. पण तीनला पोचलो आणि पाचला सूर्य समुद्रात. लगेच जीवरक्षकांच्या शिट्ट्या, सगळे एकदम रिक्षांकडे. ओल्या कपड्यांतली, वाळूने भरलेली मुलं घेऊन अंधारात तो वळणावळणाचा रस्ता परत, मुलगी माझ्या मांडीवर कुडकुडत. त्या रिक्षात बसूनच मी बायकोला म्हणालो, पुढच्या वेळी इथे राहायचं.

पुढच्या नाताळात मेव्हणीच्या कुटुंबाबरोबर गेलो तेव्हा तसंच केलं. सात नंबरला राहायच्या जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. एक-दोन फार महागड्या, बाकी साध्या आणि किनाऱ्यापासून थोड्या आत. आम्ही घेतली ती चालत दहा मिनिटांवर होती आणि तरीही तिच्या एका रात्रीच्या भाड्यात पाच नंबरच्या दोन रात्री निघाल्या असत्या. म्हणून दोनच रात्री राहिलो. त्या दोन दिवसांत मुलं पाण्यात जेवढा वेळ होती तेवढा आधीच्या चार दिवसांत नव्हती, हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण घरात कुणालाही विचारा. सकाळी साडेसहाला, रिक्षा यायच्या आधी, तो एवढा लांब किनारा जवळजवळ आपलाच असतो. दुपारी ऊन वाढलं की खोलीवर येऊन जेवायचं, झोपायचं, तीनला परत. सूर्य मावळला की चालत घरी. गरम पाणी दहा मिनिटांवर.

अडचणी तिथेही आहेत. संध्याकाळनंतर किनाऱ्यावरच्या टपऱ्या आवरतात, मग जिथे राहताय तिथलं स्वयंपाकघर देईल तेच जेवण. औषध, फळं, काहीही हवं तर बाजार लांब. आम्ही गोकाकचा करदंट आणि भडंग बरोबर नेलं होतं, ते रोज रात्री कामी आलं. (कुंदा नेऊ नका, त्या दमटपणात टिकत नाही.) वाळूत बारीक माश्या असतात, चावल्या की आठवडाभर खाज. आणि एका टोकाला नील्स कोव्ह म्हणून शांत, खाडीसारखी सुंदर जागा आहे, तिथे पाण्यात उतरू नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा धोका आहे म्हणून पाटी लावलीय. मुलांना आधीच समजावून सांगा.

शहीद द्वीप, म्हणजे नील, याबद्दल थोडक्यात. 30 डिसेंबर 1943 ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला 75 वर्षं झाली तेव्हा 2018 मध्ये या दोन बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं मिळाली. नील लहान, सायकलवर फिरता येईल एवढं, भाजी पिकवणारं. आम्ही एक रात्र राहिलो. ओहोटीचा त्रास तिथेही आहे, पण लक्ष्मणपूरच्या खडकांची नैसर्गिक कमान बघायला ओहोटीच लागते, त्यामुळे तिथे ती खुपली नाही. मुलं मोठी असतील, पोहण्याचं वेड नसेल, तर नील कदाचित दोन्हींपेक्षा बरं पडेल. लहान मुलांसाठी मला तरी एक रात्र पुरेशी वाटली.

पाच नंबरलाच राहायचं ठरलं तर मालकाला "खोलीतून समुद्र दिसतो का" एवढंच विचारू नका. आपल्या तारखा सांगा आणि दुपारी बारा ते चार पाणी कुठे असतं ते विचारा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीही बघा. अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी असतो, अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यांत जास्त. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब मात्र तिथे लावू नका, तिथल्या भरतीची वेळ वेगळी असते.

माझ्यापुरतं विचाराल तर, मुलं बरोबर असतील तर सात नंबर. रात्री कमी करा, बाकी खर्चात काटकसर करा, पण तिथे राहा. म्हातारी माणसं असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, जेवणाची पथ्यं असतील, तर पाच नंबर जास्त सोयीचा, हेही तेवढंच खरं. दोन्ही असतील तर दोन रात्री इकडे, दोन तिकडे. सामान हलवायचा त्रास एका रिक्षाएवढाच.

आईचं मत माझ्याहून वेगळं आहे. दत्तजयंतीच्या संध्याकाळी आम्ही सगळे पाणी नाही म्हणून वैतागून खोलीत बसलो होतो. ती एकटी पायरीवर होती. पाच नंबर पूर्वेकडे तोंड करून आहे. तिने हाक मारली म्हणून बाहेर आलो, तर त्या उघड्या पडलेल्या खडकांच्या पलीकडून पूर्ण चंद्र वर येत होता आणि प्रत्येक डबक्यात एकेक दिसत होता. तिने तिथेच उभं राहून दत्ताची आरती म्हटली. पुन्हा जायचं झालं तर खोली त्याच पायरीजवळची घ्या, असं तिने सांगून ठेवलंय.