ऑफसेट स्मोकर घ्यायचा तर कोणता: तयार, पिंपाचा, की वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला?

दुकानात मांस धुरावर शिजवायचा स्मोकर बघायला गेलात तर लगेच झाकण उघडू नका. बाजूला आगीचा जो डबा जोडलेला असतो त्यावर आधी बोटाने टिचकी मारा. तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा टणटण वाजला तर पत्रा एक-दीड मिलिमीटरचा आहे. बिडाच्या तव्यासारखा बसका आवाज आला तर जाड आहे. समुद्राजवळ राहणाऱ्याचा स्वस्त ऑफसेट स्मोकरबद्दलचा निम्मा निर्णय या टिचकीतच होतो.

ऑफसेट म्हणजे आग एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला. छोट्या डब्यात लाकूड जळतं. त्याची धग आणि धूर शेजारच्या आडव्या टाकीत शिरतात, मांसावरून सरकत जातात आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या वेल्डरांनी तेलविहिरींवरच्या जाड पाइपांतून अशा भट्ट्या जोडल्या आणि हा घाट रूढ झाला. सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा तिकडे आजही चांगल्या स्मोकरची खूण मानतात. स्वस्त तयार स्मोकर आकार तोच ठेवतात आणि लोखंड कमी करतात.

मांसाला ११० ते १३५ अंश सेल्सिअसची धग तासन् तास लागते. तीन किलोचा डुकराचा खांदा सात-आठ तास घेतो, बकऱ्याची अख्खी रानही पाच-सहा तास खाते. पातळ पत्रा धग धरून ठेवत नाही. लाकडाची ढलपी टाकली की थर्मामीटरचा काटा १७० वर चढतो, वाऱ्याचा झोत आला की ९० वर येतो. आणि वारा तर आपल्या कोकणात दारातच आहे. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ऊन तापलं की खारा वारा सुरू होतो. पहाटे पेटवलेल्या भट्टीला दिवसभरात वारा एकदा तरी उलटा लागतोच. टेक्सासच्या सल्ल्यात ही गोष्ट सापडत नाही, म्हणून ती आधी सांगितली.

तयार, डब्यातून येणारा

ऑनलाइन मागवला की तो सुटा येतो आणि पाना फिरवून तासा-दोन तासांत उभा राहतो. हलका असतो, दोघं उचलून पडवीत आणू शकतात. वर्षातून चार-पाच वेळा कोंबडी किंवा बांगडे धुरी देऊन खायचे असतील तर हा पुरतो. कोंबडी दीड-दोन तासांत ७४ अंशांपर्यंत आतून शिजते, तेवढा वेळ आगीशी झटणं कुणालाही जमतं.

पण तो जसा येतो तसा वापरू नका. झाकणाच्या कडेने आणि दोन भागांच्या सांध्यातून धूर गळतो, तिथे भट्टीसाठी मिळणारी उष्णतारोधक दोरी किंवा सीलंट लावावं लागतं. धुराड्याचं आतलं तोंड बहुतेक वेळा टाकीच्या माथ्यावर असतं, त्यामुळे धग मांसावरून न जाता वरच्या वर निघून जाते. पत्र्याची नळी जोडून ते तोंड जाळीच्या पातळीपर्यंत खाली आणलं की फरक पहिल्याच दिवशी कळतो. आगीच्या बाजूला एक आडवी पट्टी टाकायची, नाहीतर तिकडचा तुकडा करपतो आणि पलीकडचा कच्चा राहतो. झाकणावरच्या घड्याळी काट्यावरही विसंबू नका. तो वरची हवा मोजतो आणि मांस खाली जाळीवर असतं. जाळीवर ठेवायचा वेगळा थर्मामीटर घ्याच.

माझा पहिला स्मोकर असाच होता. त्यावर मी खूप शिकलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका पावसाळ्यानंतर आगीच्या डब्याच्या तळाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तळ हाताने दाबला तरी आत जाऊ लागला. त्यात माझीही चूक होती. शेवटच्या वेळची राख मी आतच ठेवली होती. राख हवेतला ओलावा ओढते आणि ओली राख लोखंड खाते. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं. दीड मिलिमीटर पत्र्यात गंजून जायला लोखंड असतं तरी किती?

उभं पिंप

दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, तळाशी कोळशाची टोपली, तिच्यापासून साधारण दोन फूट वर जाळी, खालच्या बाजूला हवेसाठी दोन-तीन भोकं आणि त्यांना पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह. हा ऑफसेट नव्हे. तरीही तुलनेत तो आलाच पाहिजे, कारण ऑफसेट शोधत आलेल्या बऱ्याच जणांना खरी गरज याची असते. चार-पाच किलो कोळशावर पिंप सात-आठ तास चालतं, वाऱ्याला दाद देत नाही आणि दर अर्ध्या तासाला उठावं लागत नाही. करवंटीचा कोळसा मिळत असेल तर फारच उत्तम. चव वेगळी असते, कारण चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकते आणि तो वास मांसाला लागतो. काहींना तोच जास्त आवडतो.

पिंप निवडताना मात्र जिवाला धोका होईल अशी चूक होऊ शकते. रसायनाचं, रंगाचं किंवा थिनरचं पिंप कितीही धुतलं तरी घेऊ नका. आत ज्वालाग्राही वाफ राहिली असेल तर गॅस कटर लावताच स्फोट होतो. खाद्यतेलाचं किंवा फळांच्या पल्पचं पिंप शोधा. आतून रंगाचा थर असेल तर आधी मोठी आग पेटवून तो पूर्ण जाळा आणि मग तारेच्या ब्रशने घासून काढा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा जाळी तर कुठल्याच स्मोकरमध्ये नको. तापल्यावर त्यातल्या जस्ताचा धूर अंगाला बाधतो.

आडव्या पिंपाला डबा जोडून केलेला ऑफसेटही लोक बनवतात. पिंपाची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तयार स्मोकरचंच दुखणं घरी आणल्यासारखं. मी तो सुचवणार नाही.

वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला

माझा कल इकडे आहे आणि तो मी लपवत नाही. मिरजोळे, कुडाळ, लोटे या एमआयडीसींच्या आजूबाजूला आणि जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात गेट-ग्रिल करणारे फॅब्रिकेटर आहेत. त्यांनी स्मोकर कधी पाहिलेला नसतो, पण टाकी आणि डबा जोडणं हे त्यांचं रोजचं काम.

त्यांच्याकडे जाण्याआधी वजनाचा हिशेब स्वतः करा, कारण ते बहुतेक वेळा किलोवर दर सांगतात. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. ५० सेंटिमीटर व्यासाची आणि एक मीटर लांबीची टाकी, दोन्ही तोंडं धरून, जवळजवळ दोन चौरस मीटर होते. ती तीन मिलिमीटरची केली तर सुमारे ४६ किलो. तिचं आकारमान १९६ लिटर, आणि आगीचा डबा टाकीच्या एक तृतीयांश असावा असा ढोबळ नियम आहे. ४० सेंटिमीटरचा चौकोनी डबा ६४ लिटरचा होतो, तो बरोबर बसतो. हा डबा पाच मिलिमीटरचा केला तर ३८ किलो. पाय, दारं, जाळी, धुराडं धरून सगळं मिळून १०५ ते ११० किलो. सगळंच सहा मिलिमीटरचं करायचं म्हटलं तर १६० किलोच्या घरात जाल, आणि मग तो हलवायला चार माणसं बोलवावी लागतील.

म्हणून माझं सांगणं एवढंच की पैसे कमी असतील तर टाकी पातळ चालेल, लहानही चालेल, पण आगीचा डबा पाच मिलिमीटरच्या खाली नको. आग तिथे असते, राख तिथे असते आणि गंजही आधी तिथेच लागतो. माझ्या आत्ताच्या स्मोकरमध्ये एक ढलपी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालते. पहिल्यात वीस मिनिटांत उठावं लागायचं.

पैसे आणखी वाचवायचे असतील तर भंगारवाल्याकडे एअर कॉम्प्रेसरची जुनी टाकी विचारा. पत्रा जाड असतो आणि दोन्ही तोंडं आधीच बंद असतात. आतलं तेल जाळून काढावं लागतं. गॅसचा जुना सिलिंडर मात्र कापू नका. तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि कापण्यात धोकाही आहे.

फॅब्रिकेटरला चार गोष्टी कागदावर काढून द्या. डब्यातून टाकीत जाणारं भोक टाकीच्या तळाकडे हवं. धुराडं चार इंची हवं आणि त्याचं आतलं तोंड जाळीच्या पातळीला. डब्यात लाकूड तळावर नको, खाली हवा खेळेल अशी जाळी हवी. आणि राख ओढून काढता येईल असं दार हवं. रंग फक्त बाहेरून, भट्टीला लावतात तो उष्णता सहन करणारा. धुराडं टाकीच्या आगीकडच्याच टोकाला घेऊन आत लांब पट्टी टाकण्याचा, धूर उलटा फिरवणारा प्रकारही असतो. त्यात धग सगळीकडे सारखी राहते, पण लोखंड वाढतं आणि तापायला वेळ लागतो. पहिल्या स्मोकरला त्याची गरज नाही.

अंगणात कायमची जागा असेल तर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भट्टीही मनात येते. चिरा गंजत नाही, हे खरं. पण पावसाळाभर पाणी प्यायलेला चिरा एकदम तापवला तर तडकतो, म्हणून आग जिथे लागते तिथे आतून भट्टीच्या विटा लावाव्या लागतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हा विचार सोडून द्यावा.

घरात गोल झाकणाचं केटल ग्रिल असेल तर मात्र थांबा. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या धातूच्या बोयाचे दोन भाग वापरून ते पहिल्यांदा बनवलं. ५७ सेंटिमीटरच्या केटलमध्ये कोळसा एका कडेला रचून, वर लाकडाचे दोन तुकडे टाकून, कोंबडी आणि मासे उत्तम होतात. एक हंगाम त्यावर काढा आणि मगच पुढचा खर्च करा.

लाकूड

ऑफसेटमध्ये लाकूड हेच सरपण आणि लाकूड हाच मसाला. चिंच जड असते, निखारा बराच वेळ टिकवते. पेरूचं लाकूड मिळालं तर सोडू नका, हवाईतही ते धुरीसाठी वापरतात. सुरूचं लाकूड भयंकर तापतं, म्हणून मी त्याचे बारीक तुकडेच टाकतो. आंबा सगळीकडे मिळतो आणि धूर सौम्य देतो, पण साल काढून, वर्षभर सुकवून वापरा. आंब्याचा चीक अंगावर उठतो हे आपल्याला ठाऊकच आहे. काजूबियांची टरफलं अजिबात नकोत, त्यातल्या तेलाचा धूर डोळ्या-घशाला झोंबतो. कण्हेर आणि काजरा विषारी, त्यांची काटकीसुद्धा आगीत पडू देऊ नका. करवंटी पेटवणीला छान, नारळाची सोडणं मात्र नकोत, त्यांचा पांढरा धूर मांस कडू करतो. चुलीवर धुरकटलेलं दूध ज्याने प्यायलंय त्याला हा कडूपणा समजावून सांगावा लागत नाही. धुराड्यातून निळसर, पातळ, जेमतेम दिसणारा धूर आला पाहिजे. त्यासाठी ढलपी मनगटाएवढी, खणखणीत वाळलेली, आणि आत टाकण्याआधी डब्याच्या माथ्यावर ठेवून गरम केलेली हवी. धुराडं कायम पूर्ण उघडं ठेवा, धग कमी-जास्त करायची ती हवेच्या दारानेच.

लाकडाची बेगमी पावसाआधीच करा. जूनमध्ये भिजलेलं सरपण दिवाळीतही धुमसतं.

कुणी काय घ्यावं

चुलीजवळ बसायला ज्यांना आवडतं, ज्यांची रविवारची दुपार मोकळी असते, त्यांनी बनवून घेतलेला ऑफसेट घ्यावा. पाहुणे आले की त्यांच्यात बसायचं असेल तर पिंप घ्यावं. आणि वर्षातून चार वेळाच पेटवणार असाल तर तयार स्मोकरही चालेल, पण त्याला पडवीत किंवा मांगरात जागा असेल तरच. उघड्यावर ताडपत्री टाकून ठेवलेला कुठलाही स्मोकर टिकत नाही, कारण ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते.

बनवून घेणार असाल तर गणपतीत गावी आलात की फॅब्रिकेटरला भेटा आणि चित्र देऊन ठेवा. दिवाळीनंतर स्मोकर आला की आतून जवसाचं तेल चोळा, खोबरेल नव्हे. खोबरेलाचा कडक थर बनत नाही, ते चिकटच राहतं. मग रिकाम्या टाकीत तीन-चार तास आग ठेवा. थंडी पडेल, रायगडात पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लागायला सुरुवात होईल, तोवर आतून काळी चकाकी आलेली असेल. पहिल्या दिवशी मोठा खांदा नको, कोंबडीच्या तंगड्या लावा. आणि पेटवण्याआधी अंगणात उभं राहून मतलई कुठून लागतो ते बघून आगीच्या डब्याचं दार फिरवून घ्या.