रॅफ्टरी की ओवन रुआ? आयर्लंडमध्ये कुठल्या लोककवीच्या मुलखात जावं

आयर्लंडमध्ये हाताशी दोन दिवस असतील आणि तिथल्या खेड्यांनी जपलेल्या एखाद्या लोककवीचा मुलूख बघायचा असेल, तर निवड दोघांतून करावी: गॉलवेकडचा आंधळा रॅफ्टरी किंवा केरीचा ओवन रुआ ओ'सलिव्हन. दोघंही आयरिश भाषेत रचणारे, दोघंही पोटासाठी गावोगाव हिंडलेले.

माझा कौल रॅफ्टरीला. लहानपणी देवी येऊन त्याचे डोळे गेले. पुढे फिडल (व्हायोलिन) वाजवत तो दारोदार फिरला आणि 1835 मध्ये वारला. त्याची गाणी लोकांच्या तोंडीच राहिली. ती नंतर आयरिश लेखिका लेडी ग्रेगरी आणि भाषाअभ्यासक डग्लस हाइड यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून उतरवून घेतली. हेच हाइड 1938 मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. किलीनीनच्या दफनभूमीत ग्रेगरीबाईंनी 1900 साली रॅफ्टरीच्या नावाचा दगड बसवला. तो बघाच, पण त्याआधी कॉरिब सरोवराच्या काठी अ‍ॅनाडाउनला जा. 1828 च्या सप्टेंबरात इथून एक जुनाट होडी माणसं आणि मेंढ्या घेऊन गॉलवेच्या बाजाराला निघाली. असं सांगतात, की मेंढीच्या खुराने तळाला भोक पडलं, कुणीतरी त्यात कोट कोंबून वरून पाय दाबला आणि फळीच निखळली. रॅफ्टरीच्या गाण्यात बुडालेले अकरा पुरुष आणि आठ बायका मोजलेल्या आहेत, आणि जिथे ती माणसं गेली त्या जागेला त्याने तळतळून शाप दिलाय. हे गाणं आजही गातात. आयरिशचं एक अक्षर कळत नसलं तरी गोष्ट माहीत असली की ते आत भिडतं.

त्याच्या नावावरची सगळ्यांत प्रसिद्ध कविता पाच पौंडांच्या जुन्या आयरिश नोटेवर होती. ती त्याची नसावी असं अनेक अभ्यासक मानतात, तेव्हा निव्वळ तिच्यासाठी जाऊ नका.

ओवन रुआ जन्मला 1748 मध्ये, केरीतल्या श्लीव लूखराच्या डोंगराळ भागात. शाळामास्तर, शेतमजूर, ब्रिटिश आरमारातला खलाशी, सगळं करून झालं आणि 1784 मध्ये दारूच्या गुत्त्यातल्या भांडणात डोक्याला मार बसून गेला. मला त्याची लोहारमित्राला उद्देशून केलेली कविता फार आवडते: माझ्या फावड्याला नीट दांडा बसवून दे, मजुरीला निघालोय, मुकादमाने कामात खोट काढलीच तर त्याला जुन्या वीरांच्या गोष्टी सांगून गप्प करीन. पण त्याची खरी ताकद नादात, ओळीच्या पोटातल्या यमकांत आहे, आणि भाषांतरात नेमकं तेच हरवतं. म्हणून आयरिश येत नसेल तर तो दुसरा.

अपवाद एकच. फिडलवर जीव असेल तर श्लीव लूखराच धरा. तिथल्या पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या सुरावटींची चाल वेगळीच, ती पबमध्ये बसून ऐकावी. आणि भाड्याने गाडी घ्यायची नसेल तरी केरीच सोयीचं: किलार्नीला रेल्वे जाते आणि ओवन रुआसह केरीच्या चार कवींचं 1940 चं स्मारक त्या गावातच आहे. किलीनीन आणि अ‍ॅनाडाउन गाडीशिवाय एका दिवसात जमवणं कठीण.