जिरा क्लाउड की स्वतःच्या सर्व्हरवरचं रेडमाइन? बदलाची तारीख कोणाच्या हातात हवी ते आधी ठरवा

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की टीम फीचर्सची यादी करायला बसते. बोर्ड आहे का, गँट चार्ट आहे का, माणशी पैसे किती. वर्षभरात ही यादी शिळी होते, कारण सॉफ्टवेअर बदलतं. म्हणून मी आधी दोनच गोष्टी विचारतो. बदल कधी येणार हे कोण ठरवणार? आणि तो आल्यावर वर्कफ्लो (काम कुठल्या टप्प्यांतून पुढे जातं ती रचना) दुरुस्त करायचं काम टीममध्ये कोण करणार?

जिरा क्लाउड, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं जिरा. त्यात तारीख ते बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनची असते. फ्री आणि स्टँडर्ड प्लॅनवर बदल तयार होतील तसे येत राहतात. बरेचसे किरकोळ असतात: मेनू इकडचा तिकडे जातो, नाव बदलतं. 2025 मध्ये ‘इश्यू’चं ‘वर्क आयटम’ झालं, म्हणजे कामाच्या नोंदीचं नाव बदललं, तेव्हा एपीआयच्या (दुसरे प्रोग्रॅम ज्यातून जिराशी बोलतात त्या दुव्याच्या) पत्त्यांमध्ये ‘इश्यू’ तसंच राहिलं, त्यामुळे जोडलेल्या स्क्रिप्ट चालू राहिल्या. नवीन माणसाला शिकवायच्या नोट्स मात्र बदलाव्या लागल्या. एवढं कुठलीही टीम निभावून नेते.

खरा त्रास वेगळ्या प्रकारच्या बदलाने होतो, आणि नोव्हेंबर 2023 मधला ऑटोमेशनचा (आपोआप चालणाऱ्या नियमांचा) बदल त्याचं चांगलं उदाहरण आहे. तोवर एकाच प्रोजेक्टपुरत्या नियमांना महिन्याची मर्यादा नव्हती. मग फ्री प्लॅनला महिन्याला 100 आणि स्टँडर्डला 1700 वेळा अशी मर्यादा आली. प्रीमियमला माणशी 1000. आता 20 जणांची स्टँडर्डवरची टीम घ्या. महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर 1700 म्हणजे दिवसाला साधारण 77, माणशी चारसुद्धा नाहीत. टिकेट ‘टेस्टिंग’मध्ये गेलं की टेस्टरच्या नावावर टाका, सगळी सबटास्क (पोटकामं) संपली की मुख्य टिकेट बंद करा, असे दोन-तीन नियम रोज चालणाऱ्या टीमचा कोटा महिनाअखेरीच्या आधीच संपू शकतो. मग टिकेटं ‘टेस्टिंग’मध्ये येतात पण कोणाच्याच नावावर जात नाहीत, आणि स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, ‘हे कोण बघतंय?’ सुरू होतं. ज्या नियमाने प्रत्यक्ष काही कृती केली तेवढीच फेरी मोजली जाते, हा दिलासा आहे. तरी कुठला नियम किती खातो ते वापराच्या पानावर बघून, प्रत्येक टिकेटवर चालणारे नियम दिवसातून एकदा ठरावीक वेळी चालवायचे, हे काम कोणीतरी अंगावर घ्यावंच लागतं.

प्रीमियमवर बदल महिन्यातून एकदा गठ्ठ्याने घ्यायची आणि सँडबॉक्समध्ये (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीत) आधी बघायची सोय आहे. ज्यांच्याकडे सँडबॉक्स उघडून बघणारा अ‍ॅडमिन आहे त्यांनी ती जरूर घ्यावी. बघणारं कोणी नसेल तर निव्वळ या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

आता रेडमाइन. 2006 पासून चालत आलेलं, मुक्त स्रोत, परवान्याचा खर्च नाही. तुम्ही अपग्रेड करत नाही तोवर त्यातलं एक बटणही जागचं हलत नाही. वर्कफ्लोही सरळ आहे: भूमिका आणि ट्रॅकर (कामाचा प्रकार) निवडायचा, समोर स्थितींचा तक्ता येतो, कुठून कुठे जाता येईल त्या चौकटीत टिक करायची. मंजुरीचे टप्पे वर्षानुवर्षं तेच असतील, ऑडिटला तेच दाखवायचे असतील, तर ही स्थिरता मला फार मोलाची वाटते.

तिची किंमत अपग्रेडच्या दिवशी चुकवावी लागते, आणि ती मुख्यतः प्लगिनमध्ये (इतरांनी लिहिलेल्या जोडण्यांमध्ये) असते. मार्च 2022 मध्ये आलेल्या 5.0 मध्ये खालचं रेल्स (रेडमाइन ज्यावर बांधलंय ते फ्रेमवर्क) 6.1 झालं, कोड लोड करायची पद्धत बदलली, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले बरेच प्लगिन दुरुस्त केल्याशिवाय चालेनात. टाइमशीट किंवा कानबान बोर्ड प्लगिनवर उभा असेल तर तुमच्या अपग्रेडची तारीख तो प्लगिन लिहिणाऱ्याच्या सवडीवर ठरते. अपग्रेड टाळत राहिलात तर जुन्या मालिकेला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या थांबतात.

‘आमच्या सर्व्हरवर जिराच चालवू’ हा मधला मार्ग पुष्कळांच्या मनात येतो. तो आता धरू नये. जिरा सर्व्हर बंद करणार हे ऑक्टोबर 2020 मध्ये जाहीर झालं आणि 15 फेब्रुवारी 2024 ला त्याचा सपोर्ट संपला. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या उरलेल्या ‘डेटा सेंटर’ आवृत्तीसाठीही 28 मार्च 2029 ही शेवटची तारीख जाहीर झाली आहे. मशीन तुमचं असलं तरी तारीख कंपनीचीच राहिली.

क्लाउड घेतलंत तर लगेच दुसरा निर्णय येतो: टीम-मॅनेज्ड प्रोजेक्ट की कंपनी-मॅनेज्ड? टीम-मॅनेज्डमध्ये प्रोजेक्टचा अ‍ॅडमिन स्वतःच स्टेटस वाढवतो, कोणाची वाट बघावी लागत नाही. पण पाच टीम्स असतील तर नवा बदल पाच ठिकाणी पाच वेळा बसवावा लागतो. कंपनी-मॅनेज्डमध्ये वर्कफ्लो सामाईक ठेवता येतो आणि एकदा सुधारला की सगळीकडे लागू होतो. चुकला तर सगळीकडे चुकतो. एकच टीम असेल तर पहिला, तीनाच्या वर टीम्स असतील तर दुसरा, असं माझं मत आहे. नंतर एकातून दुसऱ्यात टिकेटं हलवताना कस्टम फील्डची जुळणी हाताने करावी लागते, म्हणून हे सुरुवातीलाच ठरवा.

दहाच्या आतली, साधा बोर्ड पुरणारी टीम असेल तर हा सगळा खटाटोप नको, ट्रेलो हे साधं बोर्डाचं अ‍ॅप पुरेल. फक्त मे 2024 पासून त्याच्या फ्री वर्कस्पेसला 10 जणांची मर्यादा आहे, अकरावा माणूस येणार असेल तर हिशेबात धरा.

सर्व्हर सांभाळणारं माणूस पगारावर असेल आणि काम शिस्तबद्ध टप्प्यांचं असेल तर रेडमाइन. टीम वाढती असेल, ग्राहक आणि बाहेरचे टेस्टर त्याच बोर्डवर येणार असतील तर जिरा क्लाउड, आणि आठवड्यातून अर्धा तास अ‍ॅटलासियनची बदलांची साप्ताहिक नोंद वाचणारा एक ठरलेला माणूस. मन रेडमाइनकडे झुकत असेल तर आधी ते चाचणीसाठी बसवा, त्यात थोडं काम टाका, बॅकअप घ्या. मग दुसऱ्या मशीनवर तो बॅकअप चढवून पुढच्या आवृत्तीचं मायग्रेशन (डेटा नव्या रचनेत आणणं) चालवून बघा, प्लगिनसकट. हे करू शकेल असं ऑफिसमध्ये कोणीच नसेल तर क्लाउड घ्या.