दंडावर बांधायचे डिजिटल रक्तदाबमापक: वापरानंतरचे मत

उच्च रक्तदाबाचे निदान झालेल्या प्रत्येकाच्या घरी दंडावर पट्टा बांधून मोजणारे यंत्र असावे, असे हे यंत्र नियमित वापरल्यावर माझे ठाम मत झाले आहे. हा आजार दुखत नाही की खुपत नाही. तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्या ताठ करीत राहतो आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंडे किंवा दृष्टिपटल यांना इजा झाल्यावर, कित्येकदा थेट पक्षाघाताच्या रूपानेच, उघडकीस येतो.

यंत्राची खरी परीक्षा पडद्यावर नव्हे, पट्ट्यात आहे. सोबत येणारा पट्टा मध्यम मापाचा असून जाड दंडाला तो अपुरा पडतो, आणि अपुरा पट्टा रक्तदाब प्रत्यक्षाहून जास्त दाखवतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, ही माहिती कंपनीने पुस्तिकेच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत दिली आहे. ती खोक्यावरच ठळकपणे हवी होती. बांधताना मात्र त्रास नाही: नळीजवळची खूण कोपराच्या आतल्या धमनीच्या रेषेत आणायची, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर ठेवायची आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीत टेकवायचा. हात १० सेंटिमीटर खाली राहिला, तरी आकडा ७-८ मिलिमीटरने फुगतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पायावर पाय न टाकता, न बोलता बसणेही तितकेच गरजेचे आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती नोंदी साठवून सरासरी काढण्याची सोय. एकटा आकडा फसवा असतो. दवाखान्यात ताणामुळे काहींचा रक्तदाब चढतो, तर काहींचा तिथे नेमका ठीक येऊन घरी चढलेला असतो, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्याची शंकाही येत नाही. सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून आठवडाभराची सरासरी डॉक्टरांना दाखवली, तर औषधाची मात्रा ठरवणे सोपे जाते. दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात, घरच्या मोजणीसाठी ती साधारण १३५/८५ मानतात. पुस्तिकेत हा फरक कुठेच सांगितलेला नाही, ही मोठी उणीव आहे.

नाडी अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत यंत्राचे आकडे तितके भरवशाचे नसतात, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे. इतरांनी, मनगटावरच्या सुटसुटीत यंत्राचा मोह टाळून, दंडाचा घेर मोजून आणि त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेल्याची खात्री करून हेच निवडावे.