बॅरलमधली महागडी बियर: हिवाळा ते पावसाळा, एका दालमिलवाल्याचा हिशोब

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. लाकडी बॅरलमध्ये मुरवलेली बियर चांगल्या साध्या स्टाउटच्या (म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या, जड बियरच्या) दीडपट, फार तर दुप्पट भावात मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. तिप्पट सांगत असतील तर चार जणांत कॉन्ट्री काढा. त्याच्याही वर जो आकडा लावतात तो नंबर लावून उभ्या राहिलेल्या गर्दीचा भाव असतो, बाटलीतल्या मालाचा त्याच्याशी फारसा संबंध उरलेला नसतो.

एवढं ठासून का बोलतोय? जळगाव एमआयडीसीत आमची दालमिल आहे. तूर आत जाते, डाळ, चुनी आणि भुसा बाहेर येतो, आणि मधे तूट किती गेली यावर वर्षाचं गणित ठरतं. म्हणून कुठलीही वस्तू महाग दिसली की मी आधी तिच्यातली तूट शोधतो. गेल्या दिवाळीनंतर पुतण्या आणि सूनबाई शिकागोहून आले. विमानातून माणशी दोन लिटर आणता येते, म्हणजे दोघांचे चार लिटर. स्वेटरांत गुंडाळून सगळ्या बाटल्या धड पोचल्या. नंतर कोणी ना कोणी आणत राहिलं, काही आम्हीच बाहेरून मागवल्या. हिवाळ्यात सुरू झालेला हा उद्योग मे महिना पार करून पावसाळ्यापर्यंत चालला.

जळगावच्या किंवा भुसावळच्या वाइन शॉपवर हा माल शोधत फिरू नका. आपल्याकडे बियर म्हणजे ८ टक्के अल्कोहोलपर्यंत, तिथे गोष्ट संपते. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, बॅरलमधले स्टाउट १२ ते १५ टक्क्यांचे असतात. तेव्हा ओळखीचा माणूस आणि त्याची बॅग एवढाच मार्ग. ओकमध्ये ठेवलेल्या कमी ताकदीच्या काही परदेशी बियर मोठ्या शहरांत अधूनमधून दिसतात, पण त्यातल्या एकीने मला चांगलाच चटका दिला, ते खाली येईल.

आता हे बॅरल प्रकरण काय आहे ते थोडक्यात. अमेरिकेत बर्बन व्हिस्की बनवायची तर आतून जाळलेलं, नवं कोरं ओकचं पिंप लागतं, तसा कायदाच आहे. एकदा बर्बन काढली की त्या पिंपात दुसऱ्यांदा बर्बन भरता येत नाही. साधारण २०० लिटरचं ते पिंप मग विकलं जातं. कोणी स्कॉटलंडला स्कॉचसाठी नेतं, कोणी रमसाठी, आणि काही पिंपं बियरवाले घेतात. लाकडाच्या फळ्यांत बरीच व्हिस्की जिरलेली असते. त्यात जाड, काळी, चढी स्टाउट भरून साधारण वर्षभर ठेवली की लाकडातली व्हिस्की तिच्यात उतरते, अल्कोहोल एखाद-दोन टक्क्यांनी वाढतं, आणि जळलेल्या ओकमधून व्हॅनिलाचा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये खोबऱ्यासारखा वास देणारं एक द्रव्यही असतं. पहिल्या वेळी मला वाटलं, आत कोणीतरी सुकं खोबरं भाजून टाकलंय. तसं कोणी काही टाकलेलं नव्हतं.

शिकागोच्या गूज आयलंडने १९९० च्या दशकात बर्बन काउंटी स्टाउट काढली आणि या प्रकाराला नाव मिळवून दिलं. २०११ मध्ये ही ब्रुअरी बडवायझरवाल्या एबी इनबेवने विकत घेतली, तरी दर नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेला तिच्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. आमची पहिली बाटली तीच. ग्लासात ओतली तर फेस नावालाच, कडेला तपकिरी रेघ उमटली आणि लगेच विरली. ग्लास तिरका करून सरळ केला की काचेवरून उतरायला तिला वेळ लागतो, अगदी काकवीसारखा. अंमळनेरचा आमचा मित्र ग्लास हुंगून म्हणाला, "हाई काय शे भो, काढा?" फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतली होती, म्हणून त्याला नुसतं कडू आणि थंडगार लागलं. गप्पांत ग्लास तसाच पडून राहिला. वीसेक मिनिटांनी त्यानेच परत उचलला आणि मान हलवली, "आते बरी लागनी." खरंच, ही बियर बर्फगार प्यायची नाही. १२ ते १४ अंशांच्या आसपास आली की वास मोकळा होतो: आधी व्हॅनिला, मग खारीक, मग कोको, आणि शेवटी गरम व्हिस्कीचा झणका घशात.

तर ही मजा केवढ्याची? अमेरिकेत त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला साधारण १५ ते २० डॉलर पडतात. त्याच घराण्यातली, बॅरलमध्ये न गेलेली चांगली स्टाउट यापेक्षा बरीच स्वस्त. आता तूट मांडू. आकडे माझे, अंदाजाचे, पण दालमिलवाला जसे मांडेल तसे मांडलेत. समजा वापरलेलं पिंप दारात येऊन २० हजारांना पडलं. २०० लिटर भरले, वर्षभरात लाकडात जिरून आणि उडून दहा टक्के गेले, उरले १८०. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ३६० बाटल्या, आणि बाटलीमागे पिंपाचा खर्च पंचावन्न-छप्पन्न रुपये. मूळ स्टाउटची बाटली ४०० ची धरली तर उडालेल्या मालाचे चाळीस-पंचेचाळीस. वर्षभर पैसा अडकून पडला, गोडाउन अडलं, त्याचे पन्नास-साठ. काही पिंपं आंबट निघतात, ती ओतून द्यावी लागतात, त्याचे अजून पन्नास धरा. गेलो कुठे? सहाशे-सव्वासहाशे. म्हणजे दीडपट.

मूळ ४०० चा आकडा जास्त वाटत असेल तर एक लक्षात घ्या, १३ टक्क्यांच्या बियरला साध्या ५ टक्क्यांच्या बियरपेक्षा अडीच पट तरी धान्य लागतं. बॅरलच्या आधीच खर्च झालेला असतो, लोक सगळं श्रेय लाकडाला देतात.

जोखमीचे पन्नास कमी धरले असं कोणी म्हणेल, आणि त्याला आधार आहे. २०१५ सालच्या बर्बन काउंटीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू शिरले, काही बाटल्या आंबट झाल्या आणि कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. पुढच्या वर्षापासून ते बाटलीत भरण्याआधी बियर क्षणभर तापवून घेऊ लागले. लाकूड सच्छिद्र असतं, स्टीलच्या टाकीसारखं धुऊन चकाचक होत नाही. म्हणून जोखीम दुप्पट धरा, तिप्पट धरा. तरी दुपटीच्या फार पुढे गणित सरकत नाही. त्यापुढचा सगळा भाव "फक्त इतक्याच बाटल्या" या वाक्याचा. वर लाल मेण लावलेली एक बाटली आमच्या एका परिचिताने दुसऱ्याकडून, मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन घेतली होती. आम्हाला त्याने मोठ्या मनाने पाजली. चांगली होती. साध्या बर्बन काउंटीपेक्षा सरस होती का? टेबलावर कोणीच हो म्हणालं नाही, आणि यजमानाचा चेहरा बघून कोणी नाहीही म्हणालं नाही.

मिशिगनच्या फाउंडर्सची केबीएस मला या सगळ्यात जास्त परवडण्यासारखी वाटली. कॉफी आणि चॉकलेट घातलेली स्टाउट, बर्बनच्या पिंपात मुरवलेली. ग्रँड रॅपिड्स गावाखाली जिप्समच्या जुन्या खाणी आहेत, तिथल्या गारव्यात ते पिंपं ठेवतात. चार बाटल्यांचा पॅक येतो, म्हणजे एक फोडायला जीव कचरत नाही. लाकडापेक्षा कॉफी पुढे असते, ज्यांना व्हिस्कीचा झणका नको त्यांना ही द्या.

आणि आता उन्हाळा. खाणीतल्या गारव्याचं कौतुक वाचताना मला जळगावचा मे आठवतो. पारा ४५ च्या वर, भिंती रात्री बारालाही गरम. "ही बियर वर्षानुवर्षं ठेवा, अजून मुरेल" हा सल्ला देणाऱ्याने एक मे महिना भुसावळात काढून दाखवावा. उष्णता दहा अंशांनी वाढली की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ऑफिसच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटल्या जूनमध्ये उत्तम निघाल्या, खोबऱ्याचा वास जरा उतरला एवढंच. पण दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या शहरातून अठराशे रुपये मोजून आणलेली ओकवाली बियर उघडली तर सोया सॉसचा वास आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव. त्या दुकानात ती दर्शनी कपाटात, वर दिवा, समोर काच, अशी किती दिवस उभी होती देव जाणे. फोन केला तर म्हणे, "सर, बॅरल एज्ड अशीच लागते." ब्रुअरीचं नाव घेत नाही, तिची काही चूक नाही. तुम्ही मात्र दुकानात बाटली फ्रिजमधून काढून देतायत की कपाटातून, एवढं बघाच. आणि बाटलीवरची तारीख.

खरी मजा मला अपेक्षा नव्हती तिथे आली, बेल्जियमच्या आंबट बियरांत. रोडेनबाख ग्रँड क्रू घ्या. ओकच्या उभ्या, खोलीएवढ्या मोठ्या पिंपांत दोन वर्षं मुरलेली दोन भाग आणि ताजी एक भाग, असं मिश्रण. ६ टक्के फक्त. रंग लालसर, चव आमसुलाच्या आणि पिकल्या चेरीच्या मधली. ही आम्ही भरीत पार्टीत उघडली. असोद्याकडच्या एका मळ्यात जानेवारीतली रात्र, वांगी काट्याकुट्यांवर भाजून काळी ठिक्कर झालेली, लाकडी उखळात हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाण्यांबरोबर कुटलेली, वर कांद्याची पात, बाजूला कळण्याची पुरी. भरताला तेल सुटलेलं असतं आणि धुराचा वास असतो. या बियरचा आंबटपणा ते तेल कापतो आणि लाकडाचा वास धुराला जाऊन मिळतो. स्टाउट त्याच रात्री फोडली होती, पण ती भरतापुढे बसली. गोडावर गोड, जडावर जड. स्टाउट नंतर घरी खापरावरच्या पुरणपोळीबरोबर घेतली, थोडीशी, आणि तिथे ती शोभली. शेवभाजीबरोबर दोन्ही नको. काळ्या मसाल्याच्या रश्श्यापुढे साधी गार लागरच, म्हणजे नेहमीची पिवळी बियरच, बरी.

ब्रुसेल्सची काँतियों ही याच आंबट वाटेवरची अजून पुढची मंडळी, १९०० सालापासूनची. धान्याचा उकळलेला रस उघड्या पसरट हौदात रात्रभर गार करतात, हवेतलं यीस्ट त्यात आपोआप पडतं, म्हणून हे काम फक्त थंडीत. मग एक, दोन आणि तीन वर्षांचा माल एकत्र करून ग्यूझ बनवतात. तीन वर्षं पिंपात! तुटीच्या हिशोबाने ही बियर बर्बन स्टाउटपेक्षा महाग असायला हवी, आणि तिच्या गावात ती त्या मानाने स्वस्त मिळते. गावाबाहेर पडली की भाव भडकतो. एक बाटली मिळाली, सहा जणांनी चाखली. दोघांना व्हिनेगर वाटलं, मला अजून हवी होती.

स्कॉटलंडच्या इनिस अँड गन बियरची तर गोष्टच वेगळी. एका व्हिस्की कंपनीला आपल्या पिंपांना बियरचा वास लावून हवा होता, म्हणून बियर भरायची आणि नंतर फेकून द्यायची. फेकायच्या मालाची चव कोणीतरी घेतली आणि २००३ मध्ये ब्रँड उभा राहिला. आमची चुनी जनावरांना जाते, अशी नशीबवान नाही.

"एवढ्या पैशात व्हिस्की नाही का येत?" हा प्रश्न घरी आणि दारी दोन्हीकडे ऐकला. येते. १४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरात ७० मिली शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या ७५० मिलीच्या बाटलीत ३२० च्या आसपास. किक मोजायची असेल तर व्हिस्की घ्या, आणि तीही महाग वाटत असेल तर सातपुड्यात धडगावकडे मोहाची असते, तिला ना पिंप लागतं ना वर्ष. ही स्टाउट माणशी शंभर-सव्वाशे मिली, जेवणानंतर, गप्पा मारत. एकट्याने अख्खी बाटली संपवायला बसलात तर अर्ध्यानंतर गोडी नको होते, पैसे वाया. पाच जणांत दोन हजारांची बाटली माणशी चारशेला पडते, तेवढ्यात आपण हॉटेलात पनीरच्या दोन भाज्या मागवून निम्म्या सोडून येतो.

पुतण्याला या वर्षीची यादी गेली आहे: केबीएसचा एक पॅक, साधी बर्बन काउंटी एक, आणि उरलेल्या लिटरांत जमेल तितकी आंबट. मेणवाल्या बाटलीचा फोटो त्याने पाठवला होता, "काका, ही घेऊ का?" विचारत. किंमत विचारली आणि नको म्हणालो.