केमिस्टकडची ओव्ह्युलेशन पट्टी: पाळी नियमित असेल तर पैसे वसूल

मुंबईत कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही आता ओव्ह्युलेशन किट, म्हणजे स्त्रीबीज कधी सुटणार हे लघवीवरून सांगणाऱ्या पट्ट्या, मिळतं. पाळी नियमित असेल तर पाच पट्ट्यांचा पॅक बहुधा महिन्याला पुरतो. पट्टी एकच हार्मोन पकडते, एलएच (ल्युटिनायझिंग हार्मोन). अंडाशयात बीज वाढवणाऱ्या पिशवीतलं, म्हणजे फॉलिकलमधलं, इस्ट्रोजेन दोनेक दिवस चढं राहिलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच एकदम सोडते, आणि साधारण 24 ते 36 तासांत स्त्रीबीज बाहेर पडतं. बीज जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणून मूल हवं असेल तर ही आगाऊ वर्दी कामाची.

सुरुवात कधी? चक्राच्या दिवसांतून 17 वजा करा: 28 दिवसांचं चक्र असेल तर 11वा दिवस, 32 चं असेल तर 15वा. प्रेग्नन्सी टेस्टच्या सवयीने सकाळची पहिली लघवी घेतली जाते, ती इथे नको; पहाटे रक्तात चढलेलं एलएच लघवीत उतरायला काही तास लागतात. लोकल पकडायच्या घाईत उरकण्यापेक्षा ऑफिसात चारच्या चहाआधी करा, पण रोज त्याच वेळी. आधीचे दोन तास पाणी बेताने प्या, नाहीतर रेघ फिकी पडते.

सगळ्यात जास्त गोंधळ रेघ वाचण्यात. एलएच थोडंफार कायम असतंच, त्यामुळे फिकी दुसरी रेघ म्हणजे निगेटिव्ह. टेस्टची रेघ कंट्रोलच्या, म्हणजे पट्टी चालते हे दाखवणाऱ्या रेघेइतकी किंवा जास्त गडद हवी. बहुतेक पट्ट्या पाच मिनिटांनी वाचायच्या. दहा मिनिटांनंतर दिसलेलं धरू नका. पावसाळ्यात पाकीट ऐनवेळीच फोडा, बाथरूमच्या कपाटात तर पॅक ठेवूच नका.

पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा बिघाड) असेल तर आमचं मत साफ आहे: घेऊ नका. तिथे एलएच मुळातच चढं असू शकतं, पट्टी दिवसेंदिवस पॉझिटिव्ह दाखवते आणि बीज सुटतच नाही. तेच पैसे फॉलिकलची वाढ दाखवणाऱ्या फॉलिक्युलर सोनोग्राफीला लावा. चाळिशीनंतरही पट्टी फसवू शकते, आणि बीज सुटावं म्हणून देतात ते एचसीजी हार्मोनचं इंजेक्शन घेतलं असेल तर तिला अर्थच नाही.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे बीज सुटलंच, असंही नाही. खात्री हवी तर पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन, तपासा. 3 नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या वर आलं तर बीज सुटलं असं धरतात. हीच तपासणी 21व्या दिवशी करायची ‘डे 21’ टेस्ट फक्त 28 दिवसांच्या चक्रासाठी. 35 दिवसांचं चक्र असणारीने 21व्या दिवशी रक्त दिलं तर आकडा कमीच यायचा, आणि त्यावर उगाच औषधं सुरू व्हायची.