सिंगापूर ते न्यूयॉर्क, न थांबता

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ पृथ्वीगोलावर जवळजवळ विरुद्ध रेखावृत्तांवर आहेत. त्यामुळे दोहोंमधली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते आणि तिची लांबी सुमारे १५,३४९ किलोमीटर भरते. सिंगापूर एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२० मध्ये हा थेट मार्ग सुरू केला, तेव्हा तो जगातील सर्वांत लांब पल्ल्याचा प्रवासी मार्ग ठरला. त्याच कंपनीची शेजारच्या न्यूअर्कची सेवा २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली होती.

अंतर ठरलेले असले, तरी वेळ वाऱ्यावर अवलंबून असते. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; म्हणून न्यूयॉर्कला जाताना वैमानिक ध्रुवाची जवळची वाट सोडून प्रशांत महासागरावरून लांबचा मार्ग घेतात आणि पाठीवरच्या वाऱ्याचा लाभ उठवतात. वेळापत्रकात साडेअठरा तासांहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो. तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहून मात्र प्रवासाचा अंदाज बांधू नये, कारण उन्हाळ्यात सिंगापूरचे घड्याळ न्यूयॉर्कच्या बारा तास पुढे असते आणि हिवाळ्यात तेरा.

इतका वेळ एका जागी बसणे सुसह्य व्हावे, यासाठी कंपनीने घेतलेला निर्णय मला मनापासून पटतो. अशा अतिलांब पल्ल्याच्या मार्गांसाठी घडवलेल्या एअरबस ए३५०-९०० यूएलआर विमानात इकॉनॉमी वर्गच नाही. बिझनेसची ६७ आणि प्रीमियम इकॉनॉमीची ९४, अशी एकूण १६१ आसने आहेत. कंपनीच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५० मध्ये ती २५३ असतात. यूएलआरच्या टाक्यांमध्ये १,६५,००० लिटर इंधन मावते. एवढे इंधन घेऊन उडायचे, तर प्रवासी आणि मालाचे वजन आवरावेच लागते. पण त्यातून मिळणारी मोकळीक प्रवाशाच्या वाट्याला येते, हे महत्त्वाचे. केबिनमधील हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीइतका राखला जात असल्याने जुन्या विमानांच्या तुलनेत थकवा कमी जाणवतो.

प्रीमियम इकॉनॉमीचे तिकीट काढणाऱ्याने शेवटच्या तीन रांगांतील खिडकीलगतची आसने आधी पाहावीत. विमान तिथे निमुळते होत असल्यामुळे त्या बाजूंना एकेकच आसन आहे. शेजारी कोणी नसते आणि झोपलेल्या सहप्रवाशाला ओलांडून उठावे लागत नाही. अठरा तासांत या सोयीचे मोल फार वाटते. पाठ पूर्ण टेकून झोपायचे असेल, तर मात्र बिझनेसला पर्याय नाही, आणि त्याचे भाडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सिंगापुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अमेरिकेतील नातेवाइकांकडे जाण्यासाठी मी ही सेवा निःसंकोचपणे सुचवेन. मुंबईहून निघणाऱ्याने तिच्या मोहात पडू नये. न्यूयॉर्क तिथून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर आहे आणि सिंगापूरला जाण्यासाठी आधी जवळपास ३,९०० किलोमीटर उलट दिशेने उडावे लागते.